कालच्या उन्हाचं पाणी

भिवंडी तालुक्यात गरम पाणी जमिनीतूनच येतं. तानसा नदीच्या काठाने वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी अशी कुंडांची रांग आहे. काहींत पाय सोडून बसता येतं, काहींत बोट घातलं तर हात झटकन मागे येतो. ना लाकूड, ना बिल, ना नंबर लावायची गरज. वसई सर झाली ती १७३९ मध्ये, आणि चिमाजी अप्पांनी वज्रेश्वरीचं देऊळ बांधलं ते त्याच विजयाचा नवस फेडायला, असं मानतात. त्या मोहिमेसाठी पेशव्यांच्या मागे लागणाऱ्यांत आणि साष्टीची वाट मोकळी करून देणाऱ्यांत अंजूरचे गंगाजी नाईक पुढे होते. म्हणजे कुंडांच्या देवळाशी अंजूरचं नातं तसं जुनं. पण कुंडं तालुक्याच्या एका टोकाला आणि आपलं अंजूर दुसऱ्या, वसईच्या खाडीच्या अंगाला. देवीच्या दर्शनाला जाऊन वर्षातून एकदा कुंडात डुंबता येतं. रोजची आंघोळ घरच्याच पाण्याने करावी लागते, आणि ते कोणीतरी तापवावं लागतं.

हे ‘कोणीतरी’ लक्षात ठेवून हा मागोवा वाचावा. पाणी तापवायला उष्णता किती लागते हे प्रत्येक पिढीला कमीजास्त ठाऊक होतं. खरी अडचण वेळेची होती. आपल्याकडे आंघोळ सकाळची, जमल्यास उजाडायच्या आतली. नरक चतुर्दशीचं अभ्यंग तर सूर्योदयापूर्वीच. ऊन पडतं त्यानंतर. त्यामुळे इतकं कडक ऊन असलेल्या या मुलुखात उन्हाने पाणी तापवणं शतकानुशतकं किरकोळ राहिलं. अंगणात पाण्याचं घंगाळ ठेवायचं आणि दुपारी त्याच कोमट पाण्याने तान्ह्याला न्हाऊ घालायचं, एवढाच काय तो उपयोग. बाकी घराची आंघोळ चुलीवर अवलंबून. तिच्यासाठी घरातलं एक माणूस, आणि ते बहुतेक बाईमाणूस, सगळ्यांच्या आधी उठायचं.

चुलीच्या शेजारी वैल असायचा. मुख्य जाळावर भाकरी किंवा आधण, आणि तिथून उरलेली धग बाजूच्या तोंडातून वैलावरच्या पाण्याच्या हंड्याकडे. आंघोळीचं पाणी असं स्वयंपाकाच्या उष्ट्या आचेवर तापायचं. त्याला वेगळं सरपण देणं ठाण्याच्या भातपट्ट्यात परवडणारं नव्हतं, आणि त्याचं एक कारण शेतात होतं. इथे भाताचा दाढ टाकण्याआधी, म्हणजे रोपांसाठी बी पेरण्याआधी, जमीन भाजायची रीत, तिला राब म्हणतात. त्यासाठी शेण, पालापाचोळा, झाडांच्या डहाळ्या असं सगळं राबावर जायचं. जे शेण गोवरी होऊन चुलीत जळलं असतं, ते आधीच वाफ्यात जळून गेलेलं. इंग्रजांनी जंगलावर बंधनं आणली तेव्हा ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत राबाच्या डहाळ्यांवरून इतका ओरडा झाला की १८८५ मध्ये मुंबई सरकारला वन आयोग नेमावा लागला. ज्या गावात डहाळीचीही मोजदाद होते, तिथे आंघोळीला कढत पाणी म्हणजे चैन. ते पाहुण्याला, आजाऱ्याला, बाळंतिणीला. बाकीच्यांनी विहिरीवर दोन कळश्या ओतून घ्यायच्या.

शहरांत मात्र बंब आला. तांब्याचा बंब ज्यांनी वापरलाय त्यांना वर्णन नको, पण आता असे थोडेच उरलेत. उभं गोल भांडं, त्याच्या मधोमध वरपासून खालपर्यंत आरपार गेलेलं नळकांडं. नळकांड्याच्या तळाशी जाळी, जाळीखाली राखेचा कप्पा. वरून कोळसे, नारळाची करवंटी, लाकडाच्या ढलप्या, बुरकुंडं काय हाताशी येईल ते टाकायचं. पाणी नळकांड्याभोवती, त्यामुळे जाळाची धग चुलीसारखी चहूकडे पांगत नाही. खाली पितळी तोटी, आणि वरच्या बाजूने गार पाणी ओतायची सोय. ओतलं तेवढं काढायचं, काढलं तेवढं ओतायचं. हा नियम मोडून कोणी नुसतंच काढत राहिलं आणि पाणी नळकांड्याच्या निम्म्याखाली गेलं, तर वरचा डाग उघडा पडून तापायचा आणि सांधा सुटायचा. मग बंब तांबटाकडे. पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीत हे बंब ठोकले जायचे. ठोक्यांनी घडवलेल्या पत्र्यावरची मठारकामाची ती बारीक खवलं आजही जुन्या बाजारात बंब ओळखायला पुरतात. आता तिथल्या कारागिरांची गिऱ्हाइकं बंब घेतात ते दिवाणखान्यात ठेवायला.

बंबाने बायकांचे कष्ट संपवले असं लिहायचा मोह होतो, पण तसं झालं नाही. आंघोळीचं पाणी स्वयंपाकापासून सुटलं, म्हणजे चुलीखेरीज आणखी एक जाळ सांभाळायला आला. रात्री ढलप्या फोडून ठेवायच्या, पहाटे फुंकर मारून पेटवायचं, धुरात डोळे चोळत बसायचं आणि घरातल्या पुरुषांच्या, मग पोरांच्या आंघोळी उरकेपर्यंत ओतत राहायचं. पेटवणारीची आंघोळ शेवटी, निखारे विझत आल्यावर. कढत पाण्यात विसण घालून घंगाळ तयार ठेवणं हेही तिचंच काम. एक किलो सुक्या लाकडात साधारण चार युनिट विजेइतकी उष्णता असते. वीस लिटरची बादली वीस अंशांनी तापवायला लागतं जेमतेम अर्धं युनिट. म्हणजे हिशोबाने किलोभर लाकडात आठ बादल्या निघायला हव्यात. प्रत्यक्षात बंबातून त्याच्या निम्म्याही निघत नसत, कारण बरीचशी आच नळकांड्यातून वर निघून जाते.

मुंबईत याच काळात एका माणसाने उन्हाला थेट कामाला लावलं होतं. विल्यम ॲडम्स हा मुंबई उच्च न्यायालयात उपनिबंधक होता. शास्त्रज्ञ वगैरे नव्हे, कारकुनी पेशाचा इंग्रज. फ्रान्समध्ये ऑगस्तँ मुशो याने वक्र आरसे वापरून उन्हावर वाफेचं यंत्र चालवलं होतं. ॲडम्सने ओळखलं की मोठा वक्र आरसा महाग पडतो आणि लवकर काळवंडतो. त्यापेक्षा साधे सपाट आरशाचे तुकडे अर्धवर्तुळाकार चौकटीत बसवले आणि सगळ्यांचा झोत एका बॉयलरवर पाडला तर? मधल्या कुलाब्यातल्या आपल्या बंगल्याच्या आवारात त्याने अडीच अश्वशक्तीचा वाफेचा पंप उन्हावर चालवून दाखवला. लहान अष्टकोनी आरसेपेटीत त्याने सात सैनिकांचं मांस-भाजीचं जेवण दोन तासांत शिजवलं, तेही जानेवारीत. १८७८ मध्ये ‘सोलर हीट’ नावाचं त्याचं पुस्तक मुंबईतच छापलं गेलं, त्याला ससून सुवर्णपदकही मिळालं. लाकूड-कोळसा महाग असलेल्या उष्ण देशांना सूर्य हेच इंधन, हा त्याचा मुद्दा. १८७८ मध्ये, कुलाब्यात! आणि पुढे काय झालं? काही नाही. बंगल्यात पंप चालला तो दिवसा. सूर्य मावळला की यंत्र थांबलं. गिरण्यांना कोळसा मिळत होता, आणि त्या आरशांचा फारसा प्रसार झाला नाही. आपल्या सौरऊर्जेच्या इतिहासात ॲडम्सला दोन ओळीही मिळत नाहीत, हे मला अन्यायाचं वाटतं.

रात्रीचा प्रश्न अमेरिकेत सुटला. बाल्टिमोरच्या क्लॅरेन्स केम्पने १८९१ मध्ये काळ्या रंगाच्या टाक्या काचेच्या पेटीत ठेवून पाणी तापवायचं पेटंट घेतलं, नाव ‘क्लायमॅक्स’. दुपारी पाणी उत्तम तापायचं, सकाळपर्यंत गार. आपल्या गच्चीवरच्या काळ्या प्लॅस्टिकच्या टाकीचंही तेच. मे महिन्यात दुपारी दोनला नळाखाली हात धरवत नाही आणि पहाटे तेच पाणी गार. १९०९ मध्ये कॅलिफोर्नियात विल्यम बेली याने तापायची जागा आणि साठवायची जागा वेगळी केली. उन्हात फक्त नळ्या, आणि त्यांच्या वरच्या अंगाला वेष्टण घातलेली टाकी. तापलेलं पाणी हलकं होऊन आपोआप टाकीत चढतं, गार पाणी खाली नळ्यांत उतरतं. पंप नको. बेलीने त्याला नाव दिलं ‘डे अँड नाइट’. आज पुण्यात, नाशिकात गच्चीवर दिसणारा सौर बंब हा थेट याच घराण्यातला. कॅलिफोर्नियातला धंदा पुढे स्वस्त नैसर्गिक वायूने बसवला. उन्हाचा धंदा पहिल्यांदा बुडाला तो ऊन कमी पडलं म्हणून नव्हे, इंधन स्वस्त झालं म्हणून. ही गोष्ट पुढे परत घडणार होती.

आपल्याकडे मध्ये रॉकेलचा काळ गेला. स्टोव्हची पिन, बर्नरची भुरभुर, रेशनच्या रांगा. त्यावर इतकं लिहिलं गेलंय की इथे पुढे जाऊ. घराघरातली खरी उलथापालथ विजेने केली, आणि तीही गिझरने नव्हे, रॉडने. गिझर हा फ्लॅटमधल्या माणसाचा, भिंतीला लटकवायला स्वतःची भिंत असलेल्याचा. भिवंडीच्या यंत्रमागांवर देशभरातून आलेले कामगार एका खोलीत सात-आठ जण राहायचे. त्यांची बादली तापवली ती शंभर-दोनशे रुपयांच्या रॉडने.

हा रॉड नीट पाहण्यासारखा आहे. वेटोळं घातलेल्या नळीच्या आत निक्रोमची बारीक तार असते. निकेल आणि क्रोमियमचा हा मिश्रधातू १९०५-०६ च्या सुमारास अमेरिकेत अल्बर्ट मार्शने शोधला. त्याआधीच्या तारा लाल झाल्या की हवेत गंजून तुटत. तार आणि नळी यांच्यामध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड ठासून भरलेली असते. ती उष्णता जाऊ देते, वीज जाऊ देत नाही. सगळी सुरक्षितता त्या चिमूटभर पांढऱ्या पुडीवर. नळीला चीर पडली, आत ओल गेली की तीच पूड वीज पाण्यात सोडते, आणि लोखंडी बादलीत बोट घालून ‘तापलं का’ बघणाऱ्याचा जीव जातो. हे अजून होतं. खाडीकाठच्या बोअरचं पाणी पुष्कळदा मचूळ, जड. त्या पाण्यात रॉडवर क्षाराचं पांढरं कवच चढतं, तार आतल्या आत जास्त तापते आणि नळी फुटायची वेळ लवकर येते. दर पंधरा दिवसांनी ते कवच खरवडायला हवं. कोण खरवडतं?

विजेचा इतिहास सांगायचा तर भिवंडीचं नाव त्यात वेगळ्याच कारणाने येतं. यंत्रमाग, चोरी, आकडे, थकबाकी यांत अडकलेल्या इथल्या वितरणाचं काम महावितरणने २६ जानेवारी २००७ पासून टोरेंट पॉवरकडे फ्रँचायझी म्हणून दिलं. देशातला अशा प्रकारचा हा पहिला मोठा प्रयोग. त्याआधीची दोन-तीन वर्षं महाराष्ट्राने भारनियमनात काढली होती. वीज पहाटे जाणार की सकाळी, यावर रॉड बादलीत घालायची वेळ ठरायची, आणि पाणी तापायच्या आत लाइट गेली तर कोमटावर भागवायचं. त्याच काळात बऱ्याच घरांत गॅसचा झटपट गिझर शिरला. त्याबद्दल एकच सांगतो: तो बंद न्हाणीघरात लावू नये. खिडकी लावलेल्या जागेत त्याच्यातून कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वास नसतो, आणि दर हिवाळ्यात महाराष्ट्रात त्याने माणसं जातात.

सौर बंबाचं आपल्याकडचं गाव पुणे. त्यामागे कोरडी हवा, नीट थंडी असलेला हिवाळा आणि मोठ्या सोसायट्यांच्या सपाट गच्च्या. पुणे महापालिका मालमत्ता करात सूट देते, तीही कामाला आली. आय. आय. टी. मुंबईचे सुहास सुखात्मे यांचं सौरऊर्जेवरचं पाठ्यपुस्तक १९८४ साली आलं, आणि देशातल्या अभियंत्यांच्या दोन पिढ्या त्यावरच वाढल्या. शिर्डीच्या साई संस्थानाने २००९ मध्ये गच्चीवर ७३ तबकडी-आरसे लावून वाफेवर प्रसादाचा स्वयंपाक सुरू केला. ॲडम्सच्या कुलाब्यातल्या आरशांना एकशेतीस वर्षांनी मिळालेलं हे उत्तरच. घरगुती बंबाचं गणित साधं आहे: दोन चौरस मीटरची पेटी, शंभर लिटरची टाकी. पण कोकणपट्टीत तो पुण्याइतका रुजला नाही. थंडी जेमतेम दीड-दोन महिने. पावसाळ्यात ढगाखालचं पाणी कोमटही धड होत नाही, मग टाकीत विजेचं कॉइल घालावं लागतं. चौथ्या मजल्यावरची टाकी आणि पहिल्या मजल्यावरचा नळ यांच्यातलं अंतर प्रत्येक सोसायटीवाल्याच्या अंगवळणी पडलंय: आधी बादलीभर गार पाणी सोडायचं, मग ‘सोलर आलं का’ ते बघायचं. जड पाण्याने नळ्या बुजतात. केंद्राचं अनुदानही २०१४ च्या सुमारास थांबलं.

आणि मग छपरावर दुसरी चीज आली. सूर्यप्रकाशातून थेट वीज काढणारी सिलिकॉनची पहिली कामाची पट्टी अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेने १९५४ मध्ये दाखवली, कार्यक्षमता सुमारे सहा टक्के. भारतात सेंट्रल इलेक्ट्रॉनिक्स या सरकारी कंपनीने १९७७ मध्ये पहिला सौर घट केला. तेव्हा पॅनलच्या एका वॉटला अनेक डॉलर पडत. अशा विजेवर उपग्रह चालवायचे, दुर्गम ठाण्यावरचा बिनतारी संच चालवायचा. तिने पाणी तापवणं म्हणजे अक्कलशून्यपणा, असंच कोणताही अभियंता म्हणाला असता. आणि तत्त्वतः तो चूक नव्हता. सौर बंबाची पेटी पडलेल्या उन्हातलं निम्म्याच्या आसपास ऊन पाण्यात उतरवते. आजचं उत्तम पॅनल वीस-बावीस टक्के उन्हाची वीज करतं. कष्टाने मिळवलेली वीज परत साध्या उष्णतेत उधळायची, यात शास्त्राला न पटणारं काहीतरी आहेच. पण शास्त्राच्या नापसंतीला किमतीने उत्तर दिलं. पॅनलचा वॉट आज पाव डॉलरच्याही खाली आला आहे. बेलीचा धंदा स्वस्त वायूने बसवला होता, आता तसाच स्वस्त पॅनलने सौर बंबाला धक्का दिला. या वेळी दोघेही उन्हाचेच.

हिशोब मांडून बघा. साडेपाचशे वॉटचं एक पॅनल, क्षेत्रफळ अडीच चौरस मीटरहून थोडं जास्त, आपल्याकडे दिवसाला सरासरी सव्वादोन युनिट देतं. चार माणसांच्या चार बादल्या, प्रत्येकी वीस लिटर, वीस अंशांनी तापवायच्या तर जवळपास दोन युनिट. टाकीतून वाया जाणारी उष्णता धरून अडीच. म्हणजे एका पॅनलवर एका घराची आंघोळ जवळपास भागते. जागा सौर बंबापेक्षा थोडीच जास्त. वजन तीस किलोच्या आत, तर भरलेल्या शंभर लिटरच्या बंबाचं नुसतं पाणीच शंभर किलो. ही गोष्ट अंजूरसारख्या ठिकाणी महत्त्वाची, कारण इथल्या घरांवर स्लॅब असला तरी पावसाच्या धास्तीने त्यावर पत्र्याची शेड चढलेली असते. शेडवर पॅनल बसतं, पाण्याची टाकी बसत नाही. शिवाय मे महिन्यात गरम पाणी कोणालाच नको असतं. सौर बंब तेव्हा उगाच तापत बसतो, पॅनलची वीज पंख्याला जाते. आणि ढगाळ दिवशी पॅनलने तिसरा हिस्सा दिला तरी ती वीज पूर्ण कामाची. कोमट पाण्याचं तसं नाही, ते ना थंड ना गरम.

यावरून कोणी म्हणेल, मग रॉडच्या दोन वायरी पॅनलला जोडाव्यात आणि मोकळं व्हावं. असं करणारे आहेत, म्हणून थोडं तपशिलात. दीड हजार वॉटचा रॉड २३० व्होल्टसाठी केलेला असतो, त्याचा रोध सुमारे ३५ ओहम. एका पॅनलचा दाब चाळीस-पन्नास व्होल्ट. त्या दाबाने ३५ ओहममधून जेमतेम दीड अँपिअर जातो, म्हणजे सत्तर वॉट. त्यातली बरीचशी उष्णता तापत्या बादलीतून हवेत निसटते. संध्याकाळपर्यंत थांबलात तरी पाणी कोमटच राहील. पॅनलची पूर्ण ताकद घ्यायची तर तीन-सव्वातीन ओहमचं खास कॉइल लागतं, किंवा मध्ये नियंत्रक लागतो. चार-सहा पॅनल रांगेत जोडून दाब वाढवला तर दुसरी पंचाईत. गिझरचा थर्मोस्टॅट घरच्या विजेसाठी असतो. ती वीज सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते, त्यामुळे संपर्क उघडताना उडालेली ठिणगी लगेच विझते. पॅनलची वीज शून्यावर येतच नाही. ठिणगीची कमान पेटलेली राहते, संपर्क जळून चिकटतात, आणि पाणी उकळत राहतं. दक्षिण आफ्रिकेत भारनियमनाने गांजलेल्या अनेकांनी पॅनलवर चालणारे गिझर लावले, पण ते खास कॉइलचे आणि खास स्विचचे. घरच्या घरी जुळवाजुळव करायची ही जागा नव्हे.

शहाणा मार्ग छपरावरच्या, पण विजेच्या जाळ्याशी जोडलेल्या संचाचा. केंद्राची सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. पहिल्या दोन किलोवॉटला प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,०००, म्हणजे तीन किलोवॉटला एकूण ७८,००० अनुदान. तीन किलोवॉटचा संच दिवसाला बारा युनिटच्या आसपास देतो, त्यातले दोन-अडीच आंघोळीचे. नेट मीटरमुळे दुपारची जास्तीची वीज जाळ्यात जाते आणि पहाटे गिझर लावला की तेवढीच परत मिळते. बेलीने वेष्टण घातलेल्या टाकीत जे केलं, ते आता मीटर करतो. कालचं ऊन हिशोबात जमा राहतं. वर्षाअखेर उरलेल्या युनिटांचा भाव मात्र फार कमी मिळतो, त्यामुळे गरजेपेक्षा मोठा संच बसवण्यात अर्थ नाही. आणखी एक गोष्ट एजंट सांगत नाहीत: लाइट गेली की असा संचही बंद पडतो. खांबावर चढलेल्या वायरमनला तुमच्या छपराचा शॉक बसू नये म्हणून तसं मुद्दाम केलेलं असतं. बॅटरी नसेल तर ऊन डोक्यावर असूनही घर अंधारात.

म्हणूनच मला वाटतं, नेट मीटर असला तरी गिझर दुपारीच लावावा. पन्नास लिटरची वेष्टण असलेली टाकी साठ अंशांवर नेली की तीत दोन युनिट उष्णता साठते. चांगल्या टाकीत ती दुसऱ्या सकाळपर्यंत आंघोळीपुरती टिकते, आणि पहाटे लाइट गेली तरी नळाला गरम पाणी असतं. तेवढीच वीज लिथियम बॅटरीत साठवायला हजारो रुपये मोजावे लागतात. ऑस्ट्रेलियात लाखो छपरांवर पॅनल आहेत, तिथेही रात्रीच्या स्वस्त विजेवर चालणारे जुने गिझर आता टायमर बदलून दुपारी चालवतात. नेट मीटरचे नियम पुढे कसे वळतील हे वीज नियामक आयोगाच्या हातात. दुपारचं ऊन दुपारीच पाण्यात घातलेलं असलं तर त्या नियमांशी तुमच्या आंघोळीचा संबंध उरत नाही.

अंजूरच्या आसपास मैलोनमैल गोदामांची पत्र्याची छपरं उन्हात तापत पडली आहेत, आणि शेजारच्या भिवंडीत सायझिंगच्या कारखान्यांत सुताला खळ लावायला बॉयलरखाली लाकूड जळतं. तालुक्यात सर्वांत जास्त पाणी तिथे तापत असावं, आपल्या न्हाणीघरात नाही. तो विषय मोठा आहे आणि तो धोरणकर्त्यांनी हाती घ्यावा. घरच्यांपुरतं सांगायचं तर: पॅनल बसवत असाल तर वेगळा सौर बंब घेऊ नका. पाच तारांकित गिझर घ्या, माणशी बारा-पंधरा लिटर धरून मापाचा, त्याला पंधरा-सोळा अँपिअर सहज झेपेल असा टायमर इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्या, सकाळी अकरा ते दुपारी दोन लावून सोडा. पाणी जड असेल तर वर्षातून एकदा कॉइल आणि आतला अ‍ॅनोड रॉड तपासून घ्या. आणि सगळ्यात आधी घराचं आर्थिंग मोजून घ्या. त्याशिवाय ना रॉड सुरक्षित, ना गिझर, ना छपरावरचं पॅनल.